रोगाचे नाव सांगा!

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपाशी पैसा कमी होता आणि औषधे त्याहून कमी होती. परंतु पोटाच्या दुखण्यांना नावे मात्र मुबलक होती. अतिसार वेगळा, आंव वेगळी, संग्रहणी वेगळी, पटकी वेगळी. मोडशी हे नाव तर सातासमुद्रापलीकडे गेले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या भयंकर रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचे 'मोर्देशीं' झाले आणि फ्रेंचांनी त्याचा अपभ्रंश करून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ होणारा शब्द आपल्या भाषेत रूढ केला. मुंबई बेटाचा पट्टा एकेकाळी याच ओर्ताकडे होता, आणि आमची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. म्हणजे रोगाला नाव देण्याची आणि ते नाव जगाला शिकवण्याची विद्या या किनाऱ्याला नवी नव्हे.

आज वसई-विरारच्या बोलीतून ही सर्व नावे लोपली आहेत आणि त्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसला आहे: 'गॅस्ट्रो'. पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे उलटले, की नालासोपाऱ्यापासून नायगावपर्यंतच्या दवाखान्यांत रांगा लागतात. रुग्ण सांगतो, पोट बिघडले. डॉक्टर सांगतात, गॅस्ट्रो. गॅस्ट्रो या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'पोट' एवढाच आहे. रुग्णाने मराठीत सांगितलेली तक्रार ग्रीक भाषेत परत करणे यालाच जर निदान म्हणावयाचे असेल, तर आम्हांस काही बोलावयाचे उरत नाही.

आमचे आयुष्याचे कित्येक पावसाळे शाळामास्तरकीत गेले. जुलै महिन्यात वर्गातील बाके रिकामी होत आणि टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग साचे. त्या सर्व अर्जांत कारण एकच असे: पोट बिघडल्यामुळे. आम्ही सही करून अर्ज बाजूला ठेवीत असू. कोणत्या आळीतून जास्त अर्ज येतात, एकाच नळावरची मुले तर आजारी पडत नाहीत ना, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस कधी झाली नाही. हा दोष आमचाच होता. आज जो प्रश्न आम्ही सरकारला आणि महापालिकेला विचारणार आहोत, तो आम्ही तेव्हा स्वतःला विचारावयास हवा होता, ही कबुली देऊनच पुढे जातो.

यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो आमच्या डॉक्टर मित्रांनी अनेकदा घेतलाही आहे. जंतू कोणताही असो, उपचार एकच; मीठ, साखर आणि पाणी पोटात जात राहिले की रुग्ण वाचतो, मग नावाचा हट्ट कशाला? या म्हणण्यात फार मोठे सत्य आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे सहस्रावधी रोगी वाचविले. त्या पाण्याहून स्वस्त आणि मोलाचे औषध गेल्या शतकाने गोरगरिबांस दुसरे दिले नसेल. आमच्या घरात कोणाला जुलाब झाले तर आम्हीही प्रथम तेच देऊ, आणि वाचकांनीही प्रथम तेच द्यावे. परंतु जंतू कोणताही असो, हे म्हणणे जोवर जंतू जुनेच आहेत तोवर ठीक होते. आता जंतूंचे संकरित वाण निघू लागले आहेत.

संकरित म्हटले की आमच्या शेतकऱ्याला संकरित ज्वारी आठवते. एका वाणाचे जोमदार कणीस आणि दुसऱ्याचा काटकपणा एकत्र आणून भरघोस पीक काढण्याची ती युक्ती. निसर्गाच्या राज्यात हीच युक्ती आंतड्यांतील जंतूही करतात, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही कृषी विद्यापीठाची गरज लागत नाही.

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीत हँबुर्गच्या रुग्णालयांत रक्ताचे जुलाब होणारे रोगी एकाएकी येऊ लागले. त्यांत धडधाकट प्रौढ माणसे होती आणि स्त्रिया विशेष होत्या. काही दिवसांत त्यांतील कित्येकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. साथ आटोपली तेव्हा सुमारे ३,८०० माणसे आजारी पडून गेली होती. आठशेहून अधिकांच्या मूत्रपिंडांवर आघात झाला होता आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. हे घडले ते जगातील अत्यंत स्वच्छ आणि शिस्तबद्ध म्हणविणाऱ्या देशात. तेथील अधिकाऱ्यांनी प्रथम स्पेनहून आलेल्या काकड्यांवर आळ घेतला. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडला आणि मग कळले की काकडी निर्दोष होती. खरा धागा लागला तो बिनेनब्युटेल गावाजवळील एका मळ्यात, आणि वाचकांस नवल वाटेल, तो धागा होता मेथीच्या दाण्याचा! इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांना मोड आणून ते मोड कच्चेच खाण्यासाठी विकले जात होते. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच बियाण्याचे मोड खाऊन माणसे आजारी पडली तेव्हा शंका फिटली. आमच्या स्वयंपाकघरात मोड आलेली मेथी फोडणीत पडून शिजते म्हणून आम्ही निर्धास्त असतो. पण अलीकडे कच्च्या मोडांच्या वाट्या आमच्याही न्याहारीत शिरल्या आहेत, हे जाता जाता नमूद करतो.

त्या जंतूचे कुळ ई. कोलाय. या कुळातील बहुसंख्य जंतू तुमच्याआमच्या आंतड्यांत गुण्यागोविंदाने नांदतात. त्यांतील काही शाखा मात्र उपद्रवी आहेत. एक शाखा आंतड्याच्या आतल्या अस्तराला, एकावर एक विटा रचाव्यात तशी चिकटून बसते आणि मुलांना दिवसेंदिवस रेंगाळणारे जुलाब लावते. या शाखेचा मुक्काम प्रामुख्याने माणसांच्या पोटात. दुसरी शाखा शिगा नावाचे विष निर्माण करते. १८९७ साली आमांशाचा जंतू शोधणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाचे नाव त्या विषाला मिळाले आहे. हे विष रक्तवाहिन्यांवर, विशेषतः मूत्रपिंडांतील सूक्ष्म वाहिन्यांवर घाला घालते. या दुसऱ्या शाखेचे माहेर गुरांच्या पोटात. पहिली चिकट, पण फारशी मारक नव्हे. दुसरी मारक, पण तितकी चिकट नव्हे. जर्मनीतील जंतू पहिल्या शाखेचा होता आणि त्याने दुसरीचे विष उचलले होते. चिकटपणा आणि मारकपणा एका देहात एकवटले.

हे विष एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते कसे? जंतूंनाही पछाडणारे विषाणू असतात. शास्त्रज्ञ त्यांना फाज म्हणतात. त्यांतील काही आपल्या अंगावर विषाचा आराखडा वागवीत एका जंतूतून बाहेर पडतात, दुसऱ्यात शिरतात आणि तेथे ठाण मांडून बसतात. त्या घटकेपासून तो दुसरा जंतूही विषारी. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही प्रतिजैविकांचा मारा झाला, की जंतूच्या पोटात निद्रिस्त पडलेला हा फाज जागा होतो, आणि त्याच्याबरोबर विषाची पैदासही वाढते. म्हणूनच शिगा विषाच्या जुलाबांत ऊठसूट प्रतिजैविक देऊ नये, असे वैद्यकशास्त्र बजावते. आता आमच्या कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडे जाऊन 'पोट बिघडले आहे' एवढेच सांगा. बहुधा दोन रंगीत गोळ्या हातात पडतील. जंतू कोणता हे त्याने विचारलेले नसते, आणि विचारले तरी सांगणार कोण? तेव्हा 'उपचार एकच' हा आक्षेप येथे ढासळतो. एका जंतूवर जी गोळी उतारा, तीच दुसऱ्यावर आगीत तेल ठरू शकते.

जर्मनी दूर आहे असे कोणी म्हणेल. मग घरची गोष्ट पाहू. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू माणसाला मारतो तो स्वतः नव्हे, त्याचे विष मारते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी प्रयोगांनी दाखवून १९५९ साली प्रसिद्ध केले. त्या अभिजात जंतूची जागा पुढे एल् टॉर या भाऊबंदाने घेतली. त्याची साथ १९६१ साली इंडोनेशियातून निघाली आणि १९६४ च्या सुमारास भारतात पोचली. एल् टॉर तुलनेने सौम्य. पण पाण्यात अधिक दिवस तग धरणारा आणि अनेकांच्या पोटात गुपचूप वस्ती करणारा. शास्त्रज्ञांनी पुढे कोलकात्यातील साठवलेले जुने नमुने काढून तपासले, तेव्हा असे आढळले की १९९० नंतरच्या काही वर्षांतच एल् टॉरच्या देहात जुन्या अभिजात जंतूच्या धाटणीचे विष येऊन बसले होते. अंग नव्याचे, काटकपणा नव्याचा, आणि विष जुन्याचे! याच सुमारास, १९९२ च्या अखेरीस, मद्रासेत आणखी एक जंतू प्रकटला. त्याने तर आपले बाह्य कवचच बदलले होते. त्यामुळे जुन्या कॉलऱ्याशी झगडून ज्या प्रौढांनी प्रतिकारशक्ती मिळविली होती, त्यांच्याही शरीराला हा पाहुणा ओळखता येईना.

आणि या संकराची मजल कुठवर जावी? २०१० साली हैती देशात कॉलरा उसळला. जेथे त्याआधी शतकभर या रोगाची नोंद नव्हती, तेथे आठ लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे दहा हजार मेली. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैला नदीत गेला आणि तेथून तो पसरला. जंतूची कुळकथा तपासली तेव्हा त्याचे धागेदोरे आमच्याच दक्षिण आशियात पोचले. २०१६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. एका तळाचे सांडपाणी नीट न रिचविल्याची ही किंमत!

वसई-विरारमध्ये असा संकरित जंतू निपजला आहे, असे आम्ही म्हणत नाही. भीतीच्या बातम्यांवर पत्र खपविण्याचा धंदा आम्ही कधी केलेला नाही. आम्हांस म्हणावयाचे आहे ते एवढेच, की असा संकर जेथे घडावा अशी जागा कोणी मुद्दाम बांधावयास घेतली असती, तर ती आमच्या शहराहून फारशी वेगळी झाली नसती. माणसांचा मैला, तबेल्यांतील शेण आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडली की जंतूंच्या सोयरिकीला आणखी काय हवे?

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून ही महापालिका जन्मास आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. तेव्हापासून इमारती आणि चाळी किती वाढल्या ते विरार लोकलचा कोणताही प्रवासी खिडकीतून पाहून सांगेल. सूर्या, उसगाव आणि पेल्हार ही तिची जुनी धरणे. सूर्या प्रकल्पाच्या नव्या प्रादेशिक योजनेतून १८५ दशलक्ष लिटरांचा वाटा या शहरासाठी ठरला आणि २०२३ च्या अखेरीस त्याचे पाणी येऊ लागले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पाणी वाढले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. धरणावरून निघालेले पाणी शुद्धीकरण होऊन निघते. बिघडते ते वाटेत. नळ दिवसाचे काही तासच चालतो. पाणी बंद झाले की नळीत पोकळी निर्माण होते, आणि ती पोकळी सांध्यांच्या फटींतून बाहेरचे जे असेल ते आत ओढून घेते. बाहेर काय असते? पूर्वेकडील चाळींतून एकदा पायी फिरून यावे. बोटाएवढ्या नळ्यांचे जुडगे उघड्या गटारातून, कित्येकदा गटाराच्या पाण्याखालून, गेलेले दिसते. शेजारीच शौचालयाची टाकी, आणि तिचा जादा निचरा त्याच गटारात.

२०१८ च्या जुलैत वसईत मिठागराच्या वस्तीतील माणसे पाण्याने वेढली गेली आणि नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले, तेव्हा कोणते पाणी कोणत्या टाकीत शिरले असेल याचा हिशेब कोणी मांडावा! जेथे नळ पोचत नाही तेथे टँकर. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, त्यात क्लोरीन कोणी टाकले आणि किती टाकले, हे विचारण्याची सोय ग्राहकाला नाही. पश्चिमेकडील वाड्यांतून एकेकाळी रहाट फिरत, बावखले पावसाचे पाणी पोटात साठवीत आणि विहिरी गोड राहत. त्या विहिरींचे पाणी टँकरांनी उपसू नये म्हणून येथील माणसे रस्त्यावर उतरली, त्याला आता तीन दशके उलटून गेली. बावखले पुष्कळशी बुजली. टँकर मात्र चालूच आहेत.

नाव शोधले तर काय होते आणि न शोधले तर काय होते, याचे धडे आमच्या राज्यातच आहेत. २०२२ च्या जुलैत मेळघाटात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन शेकडो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. विजेचे बिल थकल्याने नळयोजना बंद होती म्हणून लोक विहिरीवर गेले, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. विजेच्या बिलाची बाकी माणसांच्या प्राणांनी फिटावी, ही आमच्या कारभाराची गणिती पद्धत! २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, माणसांच्या हातापायांतील शक्ती जाऊ लागली. दोनशेहून अधिक माणसे त्या गियाँ-बारे विकाराने आजारी पडली. मूळ शोधता शोधता ते जुलाबांपाशी येऊन थांबले: रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा आंतड्यांतील जंतू सापडला. हा काही संकरित विषाचा जंतू नव्हे. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने उगारलेले शस्त्र कधी कधी उलटून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालते, एवढाच त्याचा डाव. पण चार-दोन जुलाब झाले, आपोआप थांबले आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत माणूस लुळा पडला, या दोन घटनांचा संबंध जोडता आला तो नमुने तपासले गेले म्हणून. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था हाताशी होती. नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत हे घडले असते, तर आमच्या दप्तरात काय लिहिले गेले असते? 'गॅस्ट्रो', दुसरे काय!

म्हणून आमची मागणी साधी आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत महापालिकेच्या रुग्णालयांत तीव्र जुलाबांनी दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी काहींच्या तरी मलाचा नमुना, प्रतिजैविकाची पहिली मात्रा पोटात जाण्यापूर्वी, घेतला जावा. नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू हाती लागणे कठीण. रक्त पडत असेल तर शिगा विषाची तपासणी व्हावी आणि लघवी कमी झालेल्या मुलाला थोरल्या रुग्णालयात ताबडतोब हलवावे. खासगी डॉक्टरांनीही यात हात द्यावा; सर्व भार महापालिकेवर टाकून मोकळे होणे त्यांनाही शोभणार नाही. आणि गटारातील नळ्या आधी वर उचलाव्यात, सुशोभनाचे चौक त्यानंतर बांधावेत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या तपासणीची. नळाच्या शेवटच्या टोकाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. कोणत्या प्रभागात, कोणत्या दिवशी, किती उरले, हे आकडे दर आठवड्यास लोकांसमोर यावेत. महापालिकेला छापण्याचा खर्च जड वाटत असेल, तर ते आम्ही या पत्रात विनामूल्य छापू. जाहिरातीची जागा कमी करावी लागली तरी छापू. २०२० पासून कित्येक वर्षे या शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, नगरसेवकांना प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. त्या काळात नागरिकांची प्रश्न विचारण्याची सवय मोडली असेल, तर ती पुन्हा लावून घेतली पाहिजे. टँकरचे बिल देताना विहिरीचे नाव विचारा. औषधाच्या दुकानात गोळी मागण्यापूर्वी डॉक्टरांना रोगाचे नाव विचारा.

नमुना नेण्याची साधनसामग्री कोठून आणावी, असे विचारले जाईल. कॅरी-ब्लेअर नावाचे एक माध्यम मिळते. ते बोटभर बाटलीत असते, आणि त्यात बुडविलेल्या कापसाच्या काडीवर कॉलऱ्याचा जंतू बर्फावाचूनही कित्येक दिवस तग धरतो. ज्या हाफकिनने कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्याच्या नावाची संस्था परळला आहे. सकाळी विरारहून निघालेला महापालिकेचा शिपाई, गाडीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली तर, दुपारच्या आत ती बाटली मुंबईतील प्रयोगशाळेत पोचवून संध्याकाळी घरी येऊ शकेल.